डाळिंबी पदर

बाई भेटल्या की आधी तुमच्या बाहीचं टोक दोन बोटांत धरायच्या. कापड चिमटीत चोळायच्या, डोळे बारीक करायच्या आणि विचारायच्या, "याच्यात जीव कोनाचा गेला?"

नमस्कार-चमत्कार त्यानंतर. संग्रामपूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाची ही तोंडी परीक्षा असे. मी धाड गावाकडचा, म्हणजे घाटावरचा माणूस. बदली होऊन घाटाखाली आलो तेव्हा पहिल्या दिवशी जरा बरं दिसावं म्हणून लग्नातला रेशमी सदरा घालून गेलो होतो. बाईंनी बाही धरली, प्रश्न विचारला. मी म्हणालो, "कोणाचा नाही हो, सासऱ्यांनी दिलाय."

"मंग सासऱ्याचा गेला असंल," मागून ड्रॉइंगचे सर म्हणाले आणि सगळा स्टाफ हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी बाही सोडली आणि ती दोन बोटं पदराला पुसली. तो सदरा मी त्या शाळेत पुन्हा घातला नाही.

बाई विज्ञान शिकवायच्या. उंच, सडसडीत, एकट्या राहणाऱ्या. माहेर खामगावचं आणि वडील जिनिंगमध्ये कामाला, म्हणजे लहानपण सगळं कापसाच्या गंजीवर गेलेलं. तरी अंगाला सुताचा धागा लावत नव्हत्या. साड्या सगळ्या पॉलिस्टरच्या, पर्स रेक्झिनची, चपला प्लास्टिकच्या. एप्रिल महिन्यात आमच्याकडे कावळासुद्धा सावली सोडत नाही, तेव्हा या बाई त्या न श्वास घेणाऱ्या साडीत घामाने निथळत तास घ्यायच्या. मानेवर घामोळ्यांची लाल माळ. कोणी काही बोललं तर म्हणायच्या, "घामोळं माह्याच अंगाले येते ना? दुसऱ्याच्या त नाई!"

याचं मूळ त्यांनी मला एकदा सांगितलं. तरुणपणी त्या मुलींची सहल घेऊन आमच्याच धाडच्या बाजूला एका तुतीच्या शेतावर गेल्या होत्या. शेतकऱ्याने हौसेने रेशमाचे कोष दाखवले. चुलीवर भगोन्यात पाणी उकळत होतं. त्याने एक वाळलेला कोष बाईंच्या हातात दिला आणि म्हणाला, कानाशी धरून हलवा. बाईंनी हलवला. आत काहीतरी टकटक वाजलं.

"आतून कोनी दार वाजवते ना सर, तसं," बाई म्हणाल्या. "आन् मी विज्ञान शिकवते. मले माहीत होतं का आतला किडा वाळून मेलेला हाये. तरी मी म्हनलं, कोन हाये?"

त्या दिवसापासून रेशीम बंद. मग लोकर, मग चामडं. मग एक दिवस सूतही. मी विचारलं, "बाई, कापसानं तुमचं काय घोडं मारलं?"

"फवारनी पाह्यली का कधी जवळून? एका बोंडापाई किती किडे मरतात? फवारनारा मानूसही कधी कधी दवाखान्यातून वापस येत नाई. माह्या बापाच्या जिनिंगमंदी जो कापूस ये ना सर, त्याच्यात लय जीव गेलेले असत." मग स्वतःच्या पदराला हात लावून त्या समाधानाने म्हणायच्या, "हे पाहा. जमिनीतल्या तेलातून निघते. कारखान्यात बनते. याच्यात कोनी नाई."

मी मराठीचा मास्तर, पण वाकड्यात शिरायची खोड जुनी. म्हणालो, "बाई, ते तेल तरी कशाचं बनलं? कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात मेलेल्या जीवांचंच ना? तुम्ही तर सगळ्यात जास्त मेलेले अंगावर घेऊन फिरता."

बाई तासाला निघून गेल्या. मला वाटलं, जिंकलो. तास संपायच्या घंटेला त्या खडू घेऊन परत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "ते आपल्या मरनानं मेले. त्यायले कोनी मारलं नाई."

पुढे तालुक्याला त्यांचा सत्कार झाला. पाहुण्यांनी शाल उघडली आणि बाईंनी व्यासपीठावरच तिचं टोक चिमटीत धरलं. पाहुण्यांना वाटलं, बाई शालीची किंमत काढतात. बाई माइकसमोरच म्हणाल्या, "मेंढीची हाये का मशीनची?" शाल मशीनची निघाली. बाईंनी ती आनंदाने पांघरली आणि टाळ्या वाजल्या. अशा माणसाची थट्टा करता येते, पण त्याच्यावर रागावता येत नाही. तुम्हीही अशी एखादी बाई पाहिली असेल.

बाईंना एकच गोष्ट हवी होती. आपण जाऊ तेव्हा आपल्यापायी एकही जीव गेलेला नसावा. लोक पोरांची लग्नं, घर, काशी अशा इच्छा धरतात, बाईंची इच्छा एवढीच होती.

आता सुपडाभाऊंची गोष्ट सांगायला हवी. सुपडाभाऊंची मुलगी आमच्या शाळेत होती आणि शेत सातपुड्याच्या पायथ्याला, डोंगराला अगदी खेटून. हरभरा वर आला की रोही उतरायचे. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर. कळप एका रात्रीत अर्धं शेत साफ करतो. कंटाळून सुपडाभाऊंनी बांधावर करंट सोडायचं ठरवलं. हे बाईंच्या कानावर आलं आणि बाई मधल्या सुट्टीत माझ्या मोटरसायकलवर मागे बसून थेट त्यांच्या शेतात.

"करंट लावू नका भाऊ. मी साड्या देते."

आमच्याकडे शेताला साड्या बांधतात, हे तुम्ही एसटीतून जाता-येता पाहिलं असेल. खुंट रोवायचे आणि एकाला एक जोडून जुन्या साड्या ताणायच्या. वाऱ्यावर त्या हलतात, जनावराला वाटतं माणूस उभं आहे. त्यासाठी पॉलिस्टरचीच साडी लागते. सुती एका पावसाळ्यात कुजून जाते, ही वर्षानुवर्षं टिकते. बाईंना याचा कोण आनंद झाला! आयुष्यभर जीव न घेता नेसलेल्या साड्या आता जीव न घेता पीक राखणार होत्या. घरातल्या जेवढ्या जुन्या होत्या तेवढ्या त्यांनी आणल्या, आणि रविवारी स्वतः उभं राहून बांधल्या. गाठी दुहेरी, हिसडा मारून पाहिलेल्या. डोंगराकडच्या कोपऱ्यात डाळिंबी रंगाची, पांढऱ्या ठिपक्यांची साडी लागली. ती त्यांची आवडती, पंधरा ऑगस्टला नेसायची.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी मी तिथून एकटा जात होतो. वारा पडलेला होता. बांधावर साड्या सरळ लोंबत होत्या, आणि प्रत्येक साडी मी बाईंच्या अंगावर पाहिलेली होती. जांभळी परीक्षेच्या पर्यवेक्षणाची, पिवळी पालकसभेची, डाळिंबी झेंडावंदनाची. मग वाऱ्याची एक झुळूक आली. साड्या फुगल्या, त्यांना खांदे आले, पोट आलं, आणि शेताच्या चारी बाजूंनी बाई माझ्याकडे वळल्या. मी दिवसाढवळ्या गाडीचा वेग वाढवला, यात लाज कसली.

ते पीक चांगलं आलं. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी सुपडाभाऊ शाळेत आले. ऑफिसात न जाता ते विज्ञानाच्या वर्गाबाहेर टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"बाई, तुमी जरा येता का शेतात?"

कुत्रे मागे लागून रोह्यांचा कळप उधळला होता. मोठी जनावरं उड्या मारून गेली. एक पिल्लू साडीत घुसलं आणि गरगर फिरलं. साडीला पीळ बसत गेला. जांभळी साडी. त्याचे पाय जमिनीला टेकलेले होते आणि मान साडीत होती. डोळे उघडे होते.

बाईंनी गाठ सोडायचा प्रयत्न केला. सुटेना, त्यांनीच मारलेली होती. शेवटी सुपडाभाऊंनी विळ्याने कापली. मग बाईंनी पीळ उलगडला. साडी कुठेही फाटली नव्हती, एक धागा निघाला नव्हता. नुसती धुतली असती तर नेसता आली असती.

"सुती असती त फाटली असती," बाई म्हणाल्या.

"हाव," सुपडाभाऊ म्हणाले. "सुती असती त टर्रकन फाटली असती. पिल्लू गेलं असतं पयून."

बाईंनी साडीचं टोक चिमटीत धरलं, चोळलं आणि सवयीने तोंड उघडलं. मग तसंच मिटलं. त्यानंतर त्यांनी कोणाचीही बाही धरल्याचं मला आठवत नाही.

त्याच दिवशी साड्या उतरवायला घेतल्या. काही सुपडाभाऊंनी शेजाऱ्यांना दिलेल्या, तिथून त्या आणखी पुढे गेलेल्या. बाई बांधाबांधाने हिंडल्या, मी गाडीवर. दुसऱ्याच्या शेतात उभं राहून "ही माही हाये" असं सांगायच्या आणि बदल्यात बाजारातून आणलेलं सुतळीचं जाळं द्यायच्या. सगळ्या मिळाल्या. फक्त डाळिंबी मिळाली नाही. डोंगराकडच्या कोपऱ्यात खुंट मोडून पडला होता आणि साडी गेलेली होती.

आणलेल्या साड्यांचं करायचं काय? बाई घरातला ढीग दाखवायच्या आणि मलाच विचारायच्या. "उकिरड्यावर टाकली त गाय खाते, तिच्या पोटात गोळा होते. जाळली त वितळते, तो धूर कोनाच्या छातीत जाईल? कोनाले दिली त पुन्हा बांधावर जाते. धुतली तरी पान्यात बारीक धागे सुटतात म्हने, ते मासोळीच्या पोटात." तुळशीच्या कुंडीत त्यांनी एक सुती रुमाल आणि एक साडीचा तुकडा पुरून ठेवला होता. वर्षाने उकरलं. रुमालाचा पत्ता नव्हता. तुकडा झटकला आणि निळा रंग लख्ख निघाला.

"मातीलेही नाई पाह्यजे, सर," बाई म्हणाल्या.

तर साड्या घरातच राहिल्या. आतल्या खोलीत दोऱ्या बांधून त्यांनी त्या टांगल्या, घडी घातली तर कुबट वास येतो म्हणून. खिडकी उघडी असली की त्या हलायच्या. मी चहा प्यायला गेलो की माझी पाठ त्या खोलीकडे होणार नाही अशा बेताने बसायचो.

आणि मग ते सुरू झालं. सुपडाभाऊंच्या पत्नी एका दुपारी मुलीचा डबा घेऊन शाळेत आल्या. बाईंना पाहून म्हणाल्या, "काऊन हो बाई, काल एवढ्या उन्हात डोंगराकडं कुठं चालल्या होत्या? म्या किती हाका मारल्या. तुमी वयूनही पाह्यलं नाई."

काल त्या वेळी बाई आमच्याबरोबर स्टाफरूममध्ये पेपर तपासत होत्या.

"कोनती साडी होती?" बाईंनी विचारलं.

"तीच तुमची, डाळिंबी."

ड्रॉइंगचे सर हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. आठवड्याने एका गुराख्यानेही तेच सांगितलं. मग सरपण आणणाऱ्या बायकांनी. बाई डोंगराच्या उतारावर झाडीतून चालतात, हाक मारली की थांबतात, मग दिसेनाशा होतात. गावात कुजबुज सुरू झाली. जिवंत माणूस दोन ठिकाणी दिसलं तर ते फार दिवसांचं नसतं, असं आमच्याकडे मानतात. एक-दोघींनी मुलींना बाईंच्या घरी शिकवणीला पाठवणं बंद केलं.

मी बाईंना म्हणालो, "लोकांचं मनावर घेऊ नका. भास होतात."

बाईंचा चेहरा मात्र मी कधी पाहिला नव्हता इतका उजळला होता. "भास नाई सर. साडी आपल्या पायानं चालत नसते. कोनाच्या तरी गळ्यात हाये ती. खुंट मोडून घेऊन गेली एखादी रोही. आन् ती चालून राह्यली, म्हंजे जिवंत हाये!"

त्या दिवसापासून बाईंच्या पर्समध्ये एक कात्री आली. शिंप्याची असते तशी मोठी, काळ्या मुठीची. शाळा सकाळची झाली की दुपारभर बाई सुपडाभाऊंच्या शेतात पळसाखाली बसायच्या. समोर पाण्याचं घमेलं आणि मिठाचा खडा. रोही माणसाजवळ येत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. बाईंनाही कळत होतं. "एक दिवस त येईल. तिलेही टोचत असंल ते," म्हणायच्या. झुडपात पदर अडकला की पीळ बसायला सुरुवात होणार, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. ती तिथे गळफास घेऊन हिंडत होती आणि ही इथे कात्री घेऊन बसली होती.

एकदा ती आली. मला बाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. दुपार होती, पाखराचाही आवाज नव्हता. रोही झाडीतून बाहेर आली आणि बाईंपासून वीसेक पावलांवर थांबली. गळ्याभोवती डाळिंबी वेढा, एक टोक खांद्यावरून मागे गेलेलं. साडी नेसल्यासारखंच.

"ती माह्याकडं पाहे, मी तिच्याकडं. लय वेळ. मंग सर, मले समजेच ना का मी कोन्या बाजूनं पाहून राह्यली. मले माह्याच मानेवर घट्ट लागे." बाईंनी मानेवर हात फिरवला. घामोळ्यांच्या जागी बारीक रेघ होती, की मला वाटलं, कोण जाणे. "मी उठली त ती गेली."

त्या उन्हाळ्यात बाई गेल्या. घरी, जेवण झाल्यावर, खुर्चीत. डॉक्टर म्हणाले हृदय. मी पोचलो तेव्हा आतल्या खोलीची खिडकी उघडी होती आणि सगळ्या साड्या दाराच्या दिशेने झुकलेल्या होत्या. वारा त्या बाजूचा होता, हे मी बाहेर जाऊन तपासून आलो.

माझ्या बायकोला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. "वहिनी, मले सुतीतच न्या. सुती जळते. बाकीचं वितळून अंगाले चिकटते, मंग मेल्यावरही सुटका नाई." खामगावहून आणलेली बारीक काठाची पांढरी साडी पेटीत वरच ठेवलेली होती. इतकी वर्षं जे सूत अंगाला लावलं नाही, त्याचीच साडी बाईंना शेवटची नेसवली. पण आमच्याकडे शेवटची साडी म्हणून प्रत्येक घरातून एकेक साडी अंगावर घालतात. बायका येत राहिल्या. जिने मुलगी पाठवणं बंद केलं होतं तीही आली, रडली, साडी घालून गेली. बघता बघता चकचकीत रंगांचा ढीग झाला, सगळा पॉलिस्टरचा, आणि खाली बाई दिसेनात. बायकोने चितेआधी एकेक उतरवून घेतली. नंतर खामगावचा भाचा आतल्या खोलीतल्या साड्या भांडीवालीला द्यायला निघाला होता. भांडीवालीकडून त्या बाजारात जातात आणि बाजारातून बांधावर. त्याही बायकोने आणल्या. आता सगळ्या आमच्या माळ्यावर आहेत. काय करायचं ते आम्हालाही ठाऊक नाही.

कात्री माझ्याकडे आली. मीही दुपारी जाऊन बसू लागलो. का, ते मला विचारू नका. मला बाईंची फार आठवण येत होती, एवढं खरं. पळसाखाली त्यांच्या बसण्याने जमीन गुळगुळीत झाली होती. गावात आता कोणी डाळिंबी दिसल्याचं बोलत नव्हतं. बाई गेल्या म्हणजे त्यांचं फिरणंही संपलं, असं सगळ्यांनी धरलं होतं. मला मात्र एकच धास्ती होती. दिसत नाही, म्हणजे कुठल्या झुडपात ती लटकली तर नसेल?

पाऊस होऊन गेल्यावरची दुपार होती. डोंगर हिरवागार, आणि त्या हिरव्यात मला अचानक डाळिंबी रंग दिसला. उतारावर, स्थिर. एवढी उन्हं, एवढा पाऊस झाला, रंग तसाच्या तसा होता. पांढरे ठिपके मोजता आले असते. डोकं झाडामागे होतं, नुसता खांदा आणि पदर दिसत होता. मला माहीत होतं ते काय आहे. सगळं माहीत होतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "बाई!"

ती वळली. मोठे ओले डोळे, माझ्यावर रोखलेले. मी कात्री घेऊन उभा होतो. ती जिवंत होती. बाईंना कुठे सांगायची सोय असती तर मी ओरडून सांगितलं असतं, बाई, जिवंत आहे हो!

मग ती चालू लागली आणि तिच्या मागून गवतातून एक पिल्लू उठलं. चार-आठ दिवसांचं असेल, पाय अजून लटपटत होते. आई पुढे, ते मागे. मुलं आईचा पदर धरून बाजारात चालतात तसं त्याने लोंबतं टोक तोंडात धरलं होतं.

मी हळूच दोन पावलं पुढे गेलो तेव्हा नीट दिसलं. पिल्लू ते टोक चघळत होतं.